जोडप्यासाठी समुपदेशक निवडताना पदवीच्या पुढे काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला नऊ वर्षं झाली. गेली दोन वर्षं भांडणं वाढली आहेत आणि अलीकडे भांडणापेक्षा अबोलाच जास्त असतो. एका समुपदेशकाकडे दोघं दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तासभर दोघांनी एकमेकांची उणीदुणी काढली, शेवटी ‘एकमेकांना वेळ द्या, जरा समजून घ्या’ असा सल्ला मिळाला आणि परतताना गाडीतच पुन्हा जुंपली. नवरा म्हणतो, हे सगळे सारखेच. पत्नीचा प्रश्न असा की खरोखर पात्र समुपदेशक ओळखायचा कसा, ऑनलाइन चालेल का, आणि नवरा अर्ध्या मनाने येणार असेल तर जाण्यात अर्थ आहे का.

नवऱ्याच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते. सगळे सारखे नसतात. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून त्यांना तसं का वाटलं हे कळतं. घरी जे फुकट चालतं तेच तिसऱ्या माणसासमोर फी भरून झालं, इतकंच. तो समुपदेशक वाईट असेलच असं नाही. नैराश्याने ग्रासलेल्या किंवा नोकरीतल्या ताणाने खचलेल्या एखाद्याला त्याच माणसाने छान सावरलंही असेल. जोडप्यासोबत काम करणं ही वेगळी विद्या आहे आणि ती पदवीसोबत आपोआप मिळत नाही.

समुपदेशनाचं बहुतेक शिक्षण एका माणसासमोर बसायला शिकवतं. तो बोलतो, आपण त्याच्या जागी जाऊन पाहायचा प्रयत्न करतो, घाई करत नाही, मध्ये तोडत नाही. एकट्या माणसाला याचा फार उपयोग होतो. हीच सवय घेऊन जोडप्यासमोर बसलं की घोडं पेंड खातं. पत्नी वीस मिनिटं मन मोकळं करते, समुपदेशक मान डोलावतो, ‘तुम्हाला किती एकटं वाटलं असेल’ म्हणतो आणि शेजारच्या खुर्चीत नवरा हळूहळू आरोपी होत जातो. मग त्याची पाळी येते. तो वीस मिनिटं बचाव करतो. तास संपतो. मिनेसोटा विद्यापीठातले विल्यम डोहर्टी यांनी २००२ मध्ये नेमक्या याच विषयावर लिहिताना आपल्याच व्यवसायातल्या लोकांना फैलावर घेतलं होतं. जोडप्यांची सत्रं घेणारे पुष्कळ, ती घ्यायला रीतसर शिकलेले थोडे, आणि नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सत्राला काही चौकटच नसणं, असा त्यांचा रोख होता. तुमच्या दोन भेटींचं वर्णन त्या लेखात उदाहरण म्हणून सहज खपलं असतं.

तेव्हा तपासणी दोन ठिकाणी करायची. आधी कागदावर, मग प्रत्यक्ष खोलीत. कागदावरची लवकर आटोपते, पण टाळू नका.

या व्यवसायाचा उगमच जरा गमतीशीर आहे. अमेरिकेत विवाह समुपदेशन घराघरात पोहोचवणारे पॉल पोपिनो हे खजुराच्या लागवडीचे जाणकार होते. १९३० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये विवाह-सल्ल्याची संस्था काढली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं, डॉक्टरेट मानद होती आणि वंशशुद्धीच्या चळवळीचे ते कट्टर प्रचारक होते. तरी दशकानुदशकं लोक त्यांचा सल्ला घेत राहिले, कारण ते आत्मविश्वासाने बोलत आणि त्यांचं नाव झालं होतं. आजही भरपूर फॉलोअर्स आणि ठाम बोलणं यांच्या जोरावर लोक समुपदेशक निवडतात, म्हणून हे सांगितलं.

पुढे कायदे आले, पण सगळीकडे सारखे नाहीत. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये विवाह आणि कुटुंब समुपदेशकांसाठी परवान्याचा कायदा केला आणि आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट’ म्हणवून घ्यायला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे, पण ‘काउन्सेलर’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ हे शब्द कुणीही लावू शकतो. त्यामुळे तिथे व्यावसायिक संघटनांच्या स्वेच्छा-नोंदणी याद्या पाहाव्या लागतात. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘मॅरेज काउन्सेलर’ अशी पाटी लावण्यासाठी मात्र अमेरिकेसारखा वेगळा परवाना नाही. म्हणजे तुम्ही जिथे राहता तिथे कोणतं बिरुद कायद्याने राखीव आहे आणि कोणतं मोकळं सुटलंय, हे आधी माहीत करून घ्या. मग त्या नोंदणी यादीत नाव स्वतः शोधा. वेबसाइटवर क्रमांक छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका. यादी ऑनलाइन उघडते, पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणीचा खरा फायदा पदवी खरी असल्याची खात्री हा तर आहेच, पण त्याहून मोठा फायदा असा की काही गैर घडलं तर तक्रार करायला एक दार असतं. ज्याची कुठेच नोंद नाही त्याच्याविरुद्ध जाणार कुठे?

‘रिलेशनशिप कोच’ या मंडळींबद्दल विचारलं नाहीत, पण शोधायला लागल्यावर सगळ्यात आधी तेच दिसतील. त्यात चांगले लोक आहेत. पण त्या पाटीला बहुतेक ठिकाणी कुठलीही किमान अट नाही, आणि नैराश्य, व्यसन, घरातली दहशत असं काही संबंधाच्या आड दडलेलं असेल तर ते ओळखण्याचं शिक्षण त्यांना असेलच याची खात्री नाही. दोन वर्षं धुमसणाऱ्या नात्यासाठी मी तरी तिकडे पाठवणार नाही.

आता जोडप्यांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण. इथे प्रमाणपत्रं वाचता आली पाहिजेत. जॉन गॉटमन हे नाव तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना बोलताना चित्रित करून, नाडीचे ठोके मोजून त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या पद्धतीची ‘लेव्हल वन’ ही दोन दिवसांची कार्यशाळा आहे. पुढच्या पातळ्या पार करून, स्वतःच्या सत्रांचे व्हिडिओ जाणकारांना दाखवून, त्यावरच्या टिपण्या पचवून मगच ‘सर्टिफाइड’ हा शब्द लावता येतो. नुसती कार्यशाळा केलेला असो की सर्टिफाइड झालेला, दोघांच्याही भिंतीवर फ्रेम असते. सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात कॅनडात बांधलेल्या इमोशनली फोकस्ड थेरपी या भावनांवर भर देणाऱ्या पद्धतीचंही तसंच. ‘एक्स्टर्नशिप’ हे चार दिवसांचं सुरुवातीचं प्रशिक्षण केलेले जगभर खूप आहेत. पुढे देखरेखीखाली सराव करून, सत्रांच्या चित्रफिती तपासून घेऊन प्रमाणित झालेले त्यामानाने कमी. तेव्हा ‘तुम्ही ही पद्धत वापरता का’ असं विचारू नका. ‘त्यात कुठवर शिकलात आणि तुमचं काम कुणी पाहिलंय का’ असं विचारा.

पद्धत कोणती यावर मात्र फार अडून बसू नये असं माझं मत आहे. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकब्सन या मानसशास्त्रज्ञांनी १३४ जोडप्यांवर दोन पद्धतींची तुलना केली होती. दीर्घकाळ आणि गंभीर बेबनाव असलेलीच जोडपी त्यांनी मुद्दाम घेतली. प्रत्येकाला जास्तीत जास्त २६ सत्रं. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही पद्धतींत चित्र साधारण सारखंच होतं: जवळपास निम्मी जोडपी सुरुवातीपेक्षा लक्षणीय बरी होती आणि साधारण पाव विभक्त झाली होती. उत्तम प्रशिक्षण, काटेकोर देखरेख, निवडक थेरपिस्ट, आणि तरीही हा आकडा. मला तो निराशाजनक वाटत नाही, कारण मोडकळीला आलेल्या नात्यांपैकी निम्मी सावरणं ही मोठी गोष्ट आहे. पण कुणी ‘शंभर टक्के खात्री’ किंवा ‘तीन सत्रांत फरक’ असं म्हणत असेल तर त्याने हे संशोधन वाचलेलं नाही, किंवा वाचूनही तुम्हाला खोटं सांगतोय.

यादीत दोन-तीन नावं आली की फोन करा. बहुतेक समुपदेशक दहा-पंधरा मिनिटं प्राथमिक बोलणं करतात. जो ‘आधी पैसे भरा, मग काय ते बोलू’ म्हणतो त्याला सोडा. फोनवर स्वतःची कहाणी सांगत बसायचा मोह होईल, तो आवरा. विचारायचं तुम्ही आहे. मी मैत्रिणीला सांगीन तसे प्रश्न सांगते.

तुमच्या कामात जोडपी किती असतात? ‘मी सगळं करते, मुलांचं, करिअरचं, जोडप्यांचं’ या उत्तरापेक्षा ‘माझी निम्मी सत्रं जोडप्यांचीच असतात’ हे उत्तर चांगलं.

पहिली तीन-चार सत्रं कशी असतात? इथे पात्र माणूस अडखळत नाही. ‘पहिलं दोघांचं एकत्र, मग प्रत्येकाचं एकेक स्वतंत्र, मग पुन्हा एकत्र बसून मला काय दिसलं आणि पुढे काय करायचं हे मी सांगते’ अशा धर्तीचं काहीतरी ऐकू येईल. क्रमात फरक असू शकतो. काहीतरी क्रम हवा. ‘तुम्ही या तर खरं, मग बघू’ हे उत्तर म्हणजे तुमच्या मागच्या दोन भेटींची पुनरावृत्ती. सत्र किती वेळाचं असतं तेही विचारून घ्या. एकट्याचं पन्नास मिनिटांचं असतं, पण जोडप्याला ते अपुरं पडतं आणि अनेक जण पंच्याहत्तर ते नव्वद मिनिटं ठेवतात. पन्नास मिनिटांत जखम उघडते आणि बांधायच्या आत वेळ संपते. गाडीत भांडण होण्याचं एक साधं कारण हेही असतं.

आम्ही तुमच्यासमोर भांडायला लागलो तर तुम्ही काय करता? हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. कारण याचं उत्तर पुस्तकातून पाठ करून देता येत नाही. ‘मी थांबवते’ हे शब्द कुठेतरी यायला हवेत.

शेवटचा प्रश्न: एकाने तुम्हाला एकट्यात काही सांगितलं आणि दुसऱ्याला ते माहीत नसेल, तर? ऐकायला कोरडा वाटतो, पण याच्या उत्तरावरून मी समोरच्याची तयारी जोखते. समजा स्वतंत्र सत्रात एकजण सांगतो की त्याचं बाहेर प्रकरण चालू आहे आणि ते त्याला थांबवायचं नाही. आता समुपदेशकाच्या हातात निखारा आहे. तो दुसऱ्याला सांगितला तर विश्वासभंग, लपवला तर दुसरी व्यक्ती आठवड्यामागून आठवडे अशा नात्यावर मेहनत घेत राहणार ज्यातला निम्मा भाग तिला माहीतच नाही. शिकलेल्या माणसाचं धोरण आधीच ठरलेलं आणि लिहिलेलं असतं. कुणी म्हणतं, ‘मी गुपितं ठेवत नाही, एकट्यात बोललेलं कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं असेल तर ते एकत्र सत्रात आणावं लागेल, हे आधीच सांगते.’ कुणी म्हणतं, ‘ठेवते, पण चालू प्रकरण असेल तर ते थांबवण्यासाठी किंवा जोडीदाराला सांगण्यासाठी मुदत देते, नाहीतर जोडप्याचं काम मी पुढे नेत नाही.’ दोन्ही चालतील. ‘हो हो, सगळं गोपनीयच राहील’ हे चालणार नाही, कारण त्याने विचारच केलेला नाही.

त्याच ओघात गोपनीयतेच्या मर्यादाही समजून घ्या. जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर समुपदेशकाला गप्प बसता येत नाही. आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर सत्राच्या नोंदींचं काय होतं, हे तुमच्याकडच्या कायद्यावर अवलंबून असतं. आधी विचारायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र बाकी सगळ्याच्या आधी पाहायला हवी, आणि तुम्ही तिच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही म्हणून विचारते. तुम्हाला नवऱ्याची, किंवा त्यांना तुमची, भीती वाटते का? चिडणं वेगळं, भीती वेगळी. खोलीत खरं बोललं तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागेल असं वाटत असेल, हात उगारला जात असेल, पैसा-फोन-माणसं यांवर पहारा असेल, तर एकत्र सत्र हा उपाय नव्हे. तिथे ते धोकादायक ठरू शकतं. खोलीत सांगितलेल्या गोष्टी घरी हत्यार म्हणून वापरल्या जातात, आणि ‘दोघांचीही चूक असते’ या चौकटीत मार खाणाराही जबाबदार ठरतो. अशा वेळी आधी एकट्याने, सुरक्षिततेच्या अंगाने मदत घ्यायची. पात्र समुपदेशक प्रत्येकाला स्वतंत्र भेटतो त्यामागे हेही कारण असतं: जोडीदार शेजारी बसलेला असताना ‘तुम्हाला भीती वाटते का’ याचं खरं उत्तर कुणी देत नाही. जो समुपदेशक तुम्हाला एकट्याने कधी भेटतच नाही आणि हिंसेबद्दल एक शब्दही विचारत नाही, त्याने तपासणीतला मोठा भाग गाळलाय असं समजा.

आता खोलीतली तपासणी. हिला चार सत्रं पुरतात.

एक नमुना दाखवते. जोडपं काल्पनिक आहे, पण असा प्रसंग रोज घडतो. ती म्हणते, “तू घरी येतोस आणि सरळ फोन घेऊन बसतोस. मी आहे की नाही याच्याशी तुला घेणंच नाही.” तो म्हणतो, “आल्या आल्या तोंड सुरू होतं, मग काय करू?” ती हसते. कडवट, एका बाजूने. “बघा, हेच. याला बोलायलाच नको.” तो खिडकीकडे पाहायला लागतो. एवढ्याला पंधरा सेकंद लागली. अननुभवी समुपदेशक इथे विचारेल, ‘बरं, फोन किती वेळ असतो हातात?’ आणि पुढची चाळीस मिनिटं फोनच्या हिशेबात जातील.

शिकलेला माणूस हात वर करून थांबवेल. “इथे थांबूया. आत्ता जे झालं ते घरी होतं तेच ना?” मग तिच्याकडे वळून, “तुम्ही हसलात त्याच्या क्षणभर आधी काय झालं आत?” ती म्हणेल, काही नाही. तो घाई करणार नाही. थोड्या वेळाने ती म्हणेल, “वाटलं, झालं, हा पुन्हा गेला.” मग त्याच्याकडे: “तुम्ही खिडकीकडे पाहिलंत. तिला वाटलं तुम्ही गेलात. खरंच गेला होतात?” आणि तो, कदाचित लग्नानंतर पहिल्यांदा, म्हणेल, “गेलो नव्हतो. काही बोललो तर अजून बिघडेल म्हणून गप्प बसलो.” फोन बाजूलाच राहिला. ती पाठलाग करते कारण तो दूर जातोय असं तिला वाटतं, तो दूर जातो कारण ती अंगावर येतेय असं त्याला वाटतं, आणि दोघं मिळून रोज तेच चक्र फिरवतात. समुपदेशकाला हे चक्र दिसलं पाहिजे आणि तुम्हा दोघांना ते दाखवता आलं पाहिजे. तुम्ही लिहिलेला अबोला अशाच चक्राचा उत्तरार्ध असावा असा माझा कयास आहे, पण तो तुम्हाला भेटल्याशिवाय लिहिलेला कयासच आहे.

थांबवण्याचं एक शारीरिक कारणही आहे. गॉटमन यांच्या निरीक्षणात नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणूस ऐकूच शकत नाही, आणि शांत व्हायला किमान वीस मिनिटं तरी लागतात. एकाचा चेहरा लाल झालाय, श्वास वर-वर चाललाय आणि समुपदेशक ‘बोला, मोकळे व्हा’ म्हणतोय, असं दिसलं तर समजा की त्याला जोडप्यांचं काम येत नाही. भांडण पूर्ण होऊ दिल्याने मन हलकं होतं ही समजूत लोकप्रिय आहे, पण जोडप्याच्या बाबतीत त्याने बहुधा पुढच्या भांडणाचा सरावच होतो.

चौथ्या सत्राच्या शेवटी स्वतःला विचारून पाहा. समुपदेशकाला तुमच्या दोघांमधलं चक्र स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? त्यात तुमच्याही वाट्याचं काहीतरी आहे का, की सगळं नवऱ्याचंच? (सगळं त्यांचंच असेल तर छान वाटेल. तिथेच सावध व्हा. बाजू घेतली जातेय, आणि आज तुमची घेतली तशी उद्या त्यांची घेतली जाईल किंवा ते यायचे बंद होतील.) ज्याला कमी बोलायची सवय आहे त्याला बोलतं केलं जातं का? मागच्या सत्रात काय ठरलं होतं हे पुढच्या वेळी विचारलं जातं का? चांगले समुपदेशक तर स्वतःहून विचारतात, ‘आजचं सत्र उपयोगी पडलं का, काय खटकलं?’ काही जण त्यासाठी छोटी प्रश्नावली भरून घेतात. तुमचं उत्तर नापसंतीचं असेल तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो, तेही बघून ठेवा.

दुखणं कमी झालं का, हा प्रश्न चौथ्या सत्राला विचारू नका. सुरुवातीला काही वेळा वाढतंही, कारण झाकून ठेवलेलं वर येतं. नकाशा मिळाला का, एवढंच पाहा.

आणि काही गोष्टी अशा की एकदा दिसल्या तरी उठून यावं. ‘तुम्ही दोघं एकमेकांसाठी नाहीच आहात, वेगळे व्हा’ असा निवाडा देणं. किंवा उलट, ‘काही झालं तरी संसार टिकवायचाच’ असं दडपण आणणं. निर्णय तुमचा असतो. एकट्याला फोन करून दुसऱ्याबद्दल बोलणं. स्वतःच्या संसाराच्या कहाण्या ऐकवणं. सत्राबाहेर मैत्री, व्यवहार, जवळीक. ओळखीतला किंवा नात्यातला समुपदेशकही नको, तो कितीही हुशार असला तरी. तुमच्यापैकी एकाचा आधीपासूनचा वैयक्तिक समुपदेशकही दोघांसाठी शक्यतो नको, कारण दुसरा पहिल्या दिवसापासून पाहुणा ठरतो.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे औषध देणारे डॉक्टर, यांची गरज आहे का हेही पाहिलं पाहिजे. दोघांपैकी एकाला झोप नाही, कशात रस नाही, महिनोन्‌महिने उदासी आहे, दारू हाताबाहेर गेलीय, तर त्यावर वेगळे उपचार सुरू करून मग किंवा सोबत जोडप्याचं काम करावं. लैंगिक अडचण असेल तर आधी शारीरिक तपासणी आणि मग त्याच विषयात प्रशिक्षित थेरपिस्ट. सर्वसाधारण समुपदेशक या विषयाला अनेकदा बगल देतात.

ऑनलाइनबद्दल. चालतं. जोडप्यांसाठीही चालतं, आणि जवळपास प्रशिक्षित माणूस नसेल तर जवळच्या अप्रशिक्षितापेक्षा लांबचा प्रशिक्षित मी कधीही घेईन. मात्र दोघांनी एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर बसावं, दोघांचेही चेहरे आणि शक्यतो हातही दिसतील इतक्या अंतरावर. मुलं किंवा इतर कुणी ऐकू शकणार नाही अशी जागा हवी. पडद्यापलीकडच्या माणसाला भांडण थांबवणं जड जातं, म्हणून सुरुवातीलाच थांबण्याची खूण ठरवून घ्यावी. परवाना जिथे राज्यानुसार किंवा देशानुसार असतो तिथे तुम्ही राहता त्या जागेसाठी तो लागू आहे का हेही विचारा. चॅटवर, लिहून लिहून जोडप्याचं समुपदेशन करणारी ॲप्स आहेत. वर जो पंधरा सेकंदांचा प्रसंग सांगितला त्यातलं कडवट हसू आणि खिडकीकडे वळलेली मान चॅटवर दिसणार नाही.

राहिला अर्ध्या मनाचा नवरा. अर्धं मन म्हणजे नेमकं काय, हे आधी कळायला हवं. समुपदेशनावर विश्वास नाही पण नातं हवंय, असं असेल तर काळजी करू नका. चांगल्या समुपदेशकाकडे असे पुष्कळ येतात आणि तिसऱ्या-चौथ्या सत्राला तेच जास्त बोलायला लागतात. पण ‘हे नातंच हवंय का याबद्दल मी साशंक आहे’ असं असेल तर नेहमीचं कपल समुपदेशन लगेच सुरू करू नये. एक जण नातं सावरायला आलाय आणि दुसरा बाहेरच्या दारावर हात ठेवून उभा आहे, अशा स्थितीत दिलेले गृहपाठ फुकट जातात आणि मग ‘ते पण करून पाहिलं’ असा शिक्का बसतो. याच परिस्थितीसाठी डोहर्टी यांनी ‘डिसर्नमेंट काउन्सेलिंग’ नावाचा वेगळा प्रकार बांधला आहे. जास्तीत जास्त पाच भेटी. दोघं एकत्र येतात, पण बहुतेक वेळ समुपदेशक प्रत्येकाशी वेगळं बोलतो. नातं सुधारणं हा त्याचा हेतूच नसतो. आहे तसं चालू ठेवायचं, वेगळं व्हायचं, की सहा महिने वेगळं होण्याचा विषय बाजूला ठेवून मनापासून प्रयत्न करायचा, यातली एक वाट डोळे उघडे ठेवून निवडायची. हे प्रशिक्षण घेतलेलं कुणी मिळालं नाही तरी फोनवर एवढं सांगा की आमच्यापैकी एकाचं मन ठरलेलं नाही, तुम्ही सुरुवात कशी कराल? ‘या, मी पटवतो त्यांना’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि ते मुळीच येणार नसतील तर? एकटीने जायलाही अर्थ आहे, कारण चक्रातल्या एकाने पाऊल बदललं की दुसऱ्याला तेच पाऊल टाकणं अवघड जातं. फक्त तिथेही जोडप्यांचं काम जाणणाराच शोधा. नाहीतर आठवडाभराच्या तक्रारी ऐकून घेणारी, तुमची बाजू पक्की करत नेणारी एक जागा तयार होते आणि घरातलं अंतर वाढतं.

नावं आणायची कुठून? नोंदणी संस्थांच्या आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या याद्या ऑनलाइन असतात. त्यात ‘प्रमाणित’ आणि ‘प्रशिक्षण घेतलेले’ असे वेगळे गट पाहायला मिळतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारता येईल. एकट्या माणसांसोबत काम करणारा एखादा चांगला समुपदेशक ओळखीचा असेल तर त्याला असं विचारा: तुमच्या सख्ख्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला तुम्ही कुणाकडे पाठवाल? व्यावसायिक वर्तुळात कोण काय करतं हे आम्हा समुपदेशकांना बऱ्यापैकी माहीत असतं, आणि प्रश्न असा विचारला की गुळगुळीत उत्तर देता येत नाही. इंटरनेटवरच्या तारांकित अभिप्रायांना मी फार महत्त्व देत नाही. समुपदेशन घेतलेले लोक अशा गोष्टी जाहीरपणे क्वचितच लिहितात, आणि नीट वागणारा समुपदेशक त्यांना तसं लिहायला सांगतही नाही.

आणखी एक सुचवते. तीनपैकी एक फोन नवऱ्याला करू द्या. ‘आम्ही भांडायला लागलो तर तुम्ही काय करता’ हा प्रश्न त्यांनी विचारू द्या, आणि नाव दोघांना पटलं तरच भेट ठरवा. मागच्या वेळी समुपदेशक कुणी शोधला होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे तुम्हीच. एकाने निवडलेल्या माणसाकडे दुसरा खेचला गेल्यासारखा येतो. आणि पहिल्याच भेटीत आधीच्या दोन सत्रांत काय झालं, गाडीत काय झालं, ते सांगून टाका. नव्या समुपदेशकाने त्यावर ‘मग त्या गाडीत नेमकी सुरुवात कुठल्या वाक्याने झाली?’ असं विचारलं, तर पुढची तीन सत्रं त्याला द्यायला हरकत नाही.